यात्रेकरूंचा यजमान : श्रीसंत गाडगेबाबा

आज आषाढ शुद्ध एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटात आज वैष्णवांचा महासागर उसळला असेल. ज्यांना तेथवर जाता आले नाही त्यांनी आपापल्या देवघरात विठ्ठलाच्या मूर्तीला तुळशीची माळ वाहिली असेल, उपवास धरला असेल आणि मनाने तरी महाद्वारापर्यंतची वाट चालली असेल. आजपासून चातुर्मास सुरू होतो. वडीलधारी मंडळी आज एखादा नेम धरतात, कोणी पोथीचा, कोणी एकभुक्त राहण्याचा, कोणी मौनाचा.

आम्हा पुणेकरांना आषाढीची चाहूल मात्र दोन-अडीच आठवडे आधीच लागते. ज्येष्ठ वद्य सप्तमीस देहूहून श्रीतुकोबारायांची आणि अष्टमीस आळंदीहून श्रीज्ञानेश्वरमाउलींची पालखी प्रस्थान ठेवते आणि दोन्ही सोहळे या नगरीत येऊन विसावतात. माउलींचा मुक्काम भवानी पेठेतील पालखी विठोबा मंदिरात, तुकोबांचा नाना पेठेतील निवडुंग्या विठोबा मंदिरात. त्या दोन दिवसांत शहराचे रूपच पालटते. शाळांच्या वर्गांतून दिंड्या उतरतात, वाड्यांच्या ओसऱ्या आणि मंडळांचे मांडव वारकऱ्यांनी भरून जातात. कोणी पिठले-भाकरीची पंगत मांडतो, कोणी चालून सुजलेल्या पायांना तेल चोळतो, कोणी तुटक्या वहाणा शिवून देतो, कोणी विनामूल्य दाढी-हजामत करतो. मग पहाटे पालख्या निघतात. माउली दिवे घाटाच्या वाटेने सासवडकडे आणि तुकोबा लोणी काळभोरकडे मार्गस्थ होतात, आणि पुणे पुन्हा आपल्या उद्योगाला लागते.

वारकऱ्याला एका रात्रीचा आसरा देणे ही गोष्ट आम्हांस आज इतकी सहज वाटते की, तिच्यामागे कोणाचे केवढे कष्ट उभे आहेत याचे स्मरणही राहत नाही. म्हणून या पुण्यदिनी एका अशा सत्पुरुषाचे चरित्र आठवावे असे आम्हांस वाटते की, ज्याने हजारो यात्रेकरूंच्या डोक्यावर छप्पर घातले आणि स्वतः मात्र आयुष्यभर उघड्यावर पाठ टेकली. ते सत्पुरुष म्हणजे श्रीसंत गाडगेबाबा. पुण्याच्या उशाशी असलेल्या देहू आणि आळंदी या दोन्ही क्षेत्रांत बाबांनी उभारलेल्या धर्मशाळा आहेत. पालख्यांचा उगम जेथे, तेथे त्यांचे काम उभे आहे, आणि पालख्यांचा शेवट जेथे, त्या पंढरीतही ते उभे आहे.

परटाच्या घरचा डेबू

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव या खेड्यात झाला. जातीने परीट, आडनाव जानोरकर, वडील झिंगराजी आणि आई सखुबाई. मुलाचे नाव डेबूजी ठेवले. घरी खाऊन-पिऊन सुख होते. परंतु झिंगराजींना मद्याचे व्यसन जडले आणि त्या व्यसनाने घर, शेत व अखेरीस त्यांचे प्राणही नेले. पोरक्या डेबूला घेऊन सखुबाई मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे आपल्या माहेरी आल्या.

आजोळी डेबूने गुरे राखली, नांगर धरला, पिके राखण्यासाठी रात्री माळ्यावर जागून काढल्या. अक्षरओळख झाली नाही. पण मातीची ओळख अशी झाली की, पुढे जन्मभर फावडे, घमेले आणि खराटा हीच त्यांची आयुधे ठरली. गुराख्यांच्या मेळ्यात रात्री भजन होई, त्यात त्यांचा गळा तापला. १८९२ साली कुंताबाईंशी त्यांचा विवाह झाला. सावकाराच्या खोट्या हिशेबात मामाचे शेत बुडालेले त्यांनी डोळ्यांनी पाहिले. व्यसन, कर्ज आणि अज्ञान ही तीन संकटे गरिबाच्या घरात कोणत्या दाराने शिरतात हे त्यांना कोणत्याही ग्रंथावाचून उमगले.

मुलीच्या बारशाला जातरिवाजाप्रमाणे मद्य-मांसाची पंगत घालावी असा भाऊबंदांचा आग्रह होता. डेबूजींनी तो मोडला आणि गोडधोडाचे शाकाहारी जेवण घातले. जातपंचांचा रोष पत्करणे त्या काळी सोपे नव्हते. पुढे बाबांनी जे केले त्याचे बीज आम्हांस या पंगतीत दिसते. पाहुण्याला काय वाढावे आणि कशासाठी वाढावे याचा विचार तेथे प्रथम झाला.

ऋणमोचनचा घाट

१ फेब्रुवारी १९०५. पहाटेच्या अंधारात डेबूजींनी घर सोडले. वृद्ध आई, तरुण पत्नी आणि लेकरे झोपेत होती. अंगावर चिंध्यांचे वस्त्र, हातात काठी आणि एक मातीचे गाडगे एवढेच बरोबर होते. त्या गाडग्यात भाकरी मागून खावी, त्यातच पाणी प्यावे आणि चालताना तेच डोक्यावर पालथे घालावे. एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीचा तुकडा, असे विचित्र ध्यान पाहून पोरे मागे लागत, कुत्री भुंकत, कोणी वेडा म्हणून हाकलून देत. नाव विचारले तर सांगत नसत. लोकांनीच मग गाडग्यावरून त्यांना गाडगेबाबा म्हणावयास प्रारंभ केला.

सुमारे बारा वर्षे ही भ्रमंती चालली. देवळाच्या पायरीवर झोपावे तर पुजाऱ्याने उठवावे, झाडाखाली पडावे तर पावसाने झोडपावे, अशा अनुभवांतून निराश्रित वाटसरूची अवस्था बाबांनी अंगावर भोगली. यात्रेला जाणारा गरीब माणूस देवापर्यंत पोहोचण्याआधीच किती हाल सोसतो हे त्यांना कोणी सांगावे लागले नाही.

या दुःखावरचा पहिला उपाय त्यांनी आपल्याच मुलखात केला. अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन हे क्षेत्र आहे. पौष महिन्यात तेथे यात्रा भरते. काठची काळी माती चिकट. स्नानास उतरणारे यात्रेकरू, विशेषतः म्हातारीकोतारी माणसे आणि कडेवर मूल घेतलेल्या बाया, घसरून पडत. वर्षानुवर्षे हे चालले होते आणि प्रत्येक जण ते आपल्या नशिबाचा भाग मानीत होता. बाबांनी फावडे घेतले आणि उतारावर पायऱ्या खणण्यास सुरुवात केली. एकटा माणूस माती खणतो आहे हे पाहून दुसरा आला, मग दहा आले. १९०८ साली तेथे पक्क्या घाटाचे काम उभे राहिले.

आमच्या मते बाबांच्या सर्व पुढील कार्याची रीत या घाटावर ठरली. आधी हात लावावयाचा, मग तोंड उघडावयाचे. धनिकाने पैसा द्यावा, गवंड्याने कसब द्यावे, ज्याच्यापाशी काहीच नाही त्याने चार घमेली माती वाहावी. आणि त्या चार घमेल्यांची किंमत थैलीपेक्षा कमी मानावयाची नाही. बाबा स्वतः दगड-विटा वाहत, त्यामुळे मोठमोठ्या पागोटेवाल्यांनाही नुसते उभे राहण्याची लाज वाटे.

पंढरीची छपरे

बाबा पंढरीचे वारकरी झाले, पण त्यांची वारी आगळी होती. लाखोंचा समुदाय विठ्ठलाच्या दर्शनासाठी ताटकळत असे, त्या वेळी बाबा हातात खराटा घेऊन वाळवंट झाडीत असत. मंदिरात जाऊन मूर्तीपुढे उभे राहण्याची धडपड त्यांनी केली नाही. बाहेर जे लाखो विठ्ठल चिखलात, उन्हात आणि घाणीत बसले आहेत त्यांची सेवा आधी झाली पाहिजे, हा त्यांचा भाव होता. त्यांच्या या वागण्याने कोणा भाविकाने बिचकण्याचे कारण नाही. विठ्ठल हा भक्ताच्या सेवेसाठी विटेवर तिष्ठत उभा राहिलेला देव आहे. आणि पुंडलिकाने देवाला ताटकळत ठेवले ते आईबापांची सेवा चालली होती म्हणून. बाबांनी तीच परंपरा चालविली. त्यांचे आईबाप मात्र वाळवंटभर पसरलेले होते.

पंढरीत येणाऱ्या सगळ्याच वारकऱ्यांचे हाल होत. पण अस्पृश्य मानल्या गेलेल्या वारकऱ्यांच्या हालांना पार नव्हता. ज्या चोखोबांचे अभंग सारी पंढरी गाते त्यांची समाधी महाद्वारापाशी आहे. त्यांच्या जातीचा वारकरी त्या समाधीपुढे एक पाऊल टाकू शकत नव्हता. देवळात प्रवेश नाही, वाड्यात जागा नाही, धर्मशाळेच्या ओवरीत आसरा नाही. आषाढाचा पाऊस अंगावर घेत, लेकराबाळांसह तो उघड्यावर एकादशी करी आणि तरीही पुढच्या वर्षी पुन्हा येई.

बाबांनी हे पाहिले आणि १९१७ च्या सुमारास पंढरपुरात चोखामेळ्यांच्या नावाची धर्मशाळा उभारण्याचे काम हाती घेतले. पुढे मराठा समाजासाठी, परीट समाजासाठी अशा आणखी धर्मशाळा त्यांच्या प्रेरणेने तेथे झाल्या. ज्यांना कोणीच दार उघडीत नव्हते त्यांच्यासाठी पहिले दार उघडावे, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. विठ्ठलमंदिराचे दार हरिजनांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी प्राण पणास लावून उपोषण केले ते १९४७ च्या मे महिन्यात. म्हणजे देवाचे दार उघडण्याच्या सुमारे तीस वर्षे आधी त्या भक्तांसाठी बाबांनी पंढरीत हक्काची जागा उभी केली होती.

पंढरीपाठोपाठ नाशिकला गोदाकाठी, देहूला आणि आळंदीला धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापूरला धर्मशाळेबरोबर गोरक्षणाची सोय झाली. मुंबईत परगावचे रोगी जे.जे. रुग्णालयात येत आणि त्यांचे नातलग रस्त्याकडेला दिवस काढीत. त्यांच्यासाठी १९५४ साली रुग्णालयाजवळ धर्मशाळा उभी राहिली. आजाऱ्याच्या उशाशी बसण्यासाठी दूर गावाहून आलेली आई हीसुद्धा यात्रेकरूच होय, हे बाबांच्या अंतःकरणाने ओळखले.

खराटा आणि कीर्तन

या साऱ्या इमारतींना पैसा कोठून आला, हा प्रश्न कोणाही व्यवहारी गृहस्थाच्या मनात येईल. त्याचे उत्तर बाबांच्या कीर्तनात आहे. ते गावात येत ते खराटा घेऊनच. दिवसभर रस्ते, पार आणि पाणवठे झाडीत. कचरेवाला कोण आला आहे म्हणून लोक पाहत, आणि रात्री तोच माणूस कीर्तनाला उभा राहिलेला पाहून थक्क होत. गोपालनामाचा गजर सुरू झाला की हजारोंचा जमाव एका तालात डुलू लागे. निरूपण शुद्ध वऱ्हाडी बोलीत, प्रश्नोत्तरांचे. बाबा विचारीत आणि श्रोत्यांकडूनच उत्तर काढून घेत. कर्ज काढून सण करू नये, दारू पिऊ नये, देवापुढे मुके जनावर मारू नये, मुलांना शाळेत घालावे, शिवाशीव पाळू नये, एवढाच त्यांचा वेदान्त.

कीर्तन संपले की पायांवर डोके ठेवण्यास गर्दी होई. बाबा तोवर अंधारात निघून गेलेले असत. पाया पडून घेणे त्यांना मुळीच खपत नसे. मी कोणाचा गुरू नाही आणि मला कोणी शिष्य नाही असे ते निक्षून सांगत. देणगीचा पैसा ते स्वतःपाशी ठेवीत नसत. जाणत्या पंचांच्या हाती तो सोपवीत. पंगत झाली तर आंधळे, पांगळे आणि महारोगी आधी बसत. बाबा मात्र कोठे तरी दूर बसून मागून आणलेली कोरडी भाकरी आपल्या गाडग्यात कालवून खात.

त्यांच्या धर्मशाळांतील शिस्त याच वृत्तीतून आली. स्वच्छता ही तेथील पहिली पूजा. देवळाचा किंवा वाड्याचा जीर्णोद्धार शंभर वर्षांनी एकदा करण्याची आपली रीत आहे. बाबांच्या हिशेबी जीर्णोद्धार रोज सकाळी खराट्याने करावयाचा असतो. भिंत पडल्यावर ती बांधणारे पुष्कळ असतात. ती पडू नये म्हणून रोज तिच्या बुडाशी साचलेला कचरा काढणारा एखादाच. नव्या इमारतीवर नाव कोरता येते, झाडलेल्या अंगणावर कोरता येत नाही, म्हणूनच कदाचित झाडणाऱ्यांची वाण पडते.

तरुणपणी बाबांच्या सहवासात राहिलेले गोपाल नीलकंठ दांडेकर यांनी त्यांचे चरित्र लिहिले. प्रबोधनकार ठाकरे यांनीही लिहिले. दोघांच्या प्रकृती आणि विचार किती निराळे! पण या निरक्षर फकिरापुढे दोघांच्याही लेखण्या नम्र झाल्या.

यजमानाचे स्वतःचे घर

आता चरित्राचा तो भाग सांगावयाचा, जो सांगताना आमचेही मन कातर होते. हजारोंना निवारा देणाऱ्या या माणसाच्या पत्नीने झोपडीत दिवस काढले. धर्मशाळा बांधल्या बाबांनी. परंतु त्यांतील एका खोलीवरही आपल्या कुटुंबाचा हक्क लागू दिला नाही. ही संपत्ती लोकांची आहे, तीत माझा आणि माझ्या नातलगांचा काडीचाही भाग नाही, ही त्यांची भूमिका अखेरपर्यंत ढळली नाही.

१९२३ साली त्यांचा मुलगा गोविंद वारला. पिसाळलेले कुत्रे चावल्याचे निमित्त झाले. बाबा त्या वेळी कोकणात खारेपाटणला होते. कीर्तन चालू असताना वार्ता हाती आली. क्षणभर ते थांबले असतील, नसतील. कीर्तन मात्र अर्धे राहिले नाही. जगात रोज कितीकांची लेकरे जातात, त्यांत एकासाठी किती रडावे, अशा आशयाचे बोलून ते पुढच्या निरूपणाकडे वळले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात.

हे वाचून कोणी म्हणेल की, असे वैराग्य निष्ठुर आहे. कुंताबाईंच्या बाजूने पाहिले तर तो प्रश्न खोटा नाही. नवऱ्याने परमार्थ करावा आणि त्याची किंमत घरातल्या बाईने मोजावी, हे आपल्या संतचरित्रांत पुन्हापुन्हा आढळते. तुकोबांची आवली आठवावी. कुंताबाईंनी मोजलेली ही किंमत बाबांच्या पुण्याईच्या खात्यात न मांडता त्यांच्या स्वतःच्या खात्यात मांडावी, हेच न्याय्य होईल. धर्मशाळेच्या प्रत्येक ओवरीत दगड-विटांबरोबर त्या माउलीचे न बांधलेले घरही चिणलेले आहे. या पुण्यदिनी बाबांना हात जोडताना ते हात तिच्याही दिशेने वळले पाहिजेत.

पण बाबांच्या बाजूनेही पाहावे. धर्मशाळेची एक खोली बायकोला दिली असती तर कोणी बोट दाखविले नसते. मात्र पुढे पुतण्याला दुसरी लागली असती, भाच्याला तिसरी; आणि एक दिवस पावसात भिजत आलेल्या वारकऱ्याला दारातूनच परत जावे लागले असते. लोकांच्या दानातून झालेल्या वास्तू घराण्यांच्या मालकीच्या कशा होतात, याची उदाहरणे आपल्या तीर्थक्षेत्रांतून शोधावी लागत नाहीत. बाबांना ते भय होते.

दान दिलेल्या धर्मशाळा

मालकी सोडण्याची ही वृत्ती किती खोल होती ते १९४९ साली दिसले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी बाबांना अपार आदर होता, आणि बाबासाहेबही या खराटेवाल्या साधूला मानीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा बाबांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. वारकऱ्यांसाठी बांधलेल्या वास्तूत आता विद्यार्थी राहावेत, ही कल्पना त्यांना मुळीच विसंगत वाटली नाही. खेड्यातून शिकावयास निघालेले पोर हेही एका मोठ्या यात्रेलाच निघालेले असते, आणि त्यालाही रात्रीपुरते छप्पर लागते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या शिक्षणकार्यावरही बाबांचा असाच लोभ होता. १९५४ साली कऱ्हाडला निघालेल्या रयत शिक्षण संस्थेच्या महाविद्यालयास त्यांचे नाव दिले गेले ते उगाच नव्हे.

८ फेब्रुवारी १९५२ रोजी बाबांच्या सर्व संस्थांच्या व्यवस्थेसाठी श्रीगाडगे महाराज मिशनची स्थापना झाली. कारभार मिशनच्या हाती गेला. बाबांपाशी पुन्हा काठी, खराटा आणि गाडगे उरले.

१९५६ चा डिसेंबर महिना महाराष्ट्राला फार जड गेला. ६ तारखेस बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. बाबा तेव्हा आजारीच होते; त्या वार्तेने ते खचले. पुढे अमरावतीकडे मोटारीने जात असता, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर, २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला. जन्मभर वाटेवर राहिलेल्या या महात्म्याला मृत्यूही वाटेवरच आला. अमरावतीत त्यांची समाधी आहे. तेथील विद्यापीठास आज त्यांचे नाव आहे आणि ग्रामस्वच्छतेचे शासकीय अभियानही त्यांच्याच नावाने चालते.

चातुर्मासाचा एक नेम

पालख्या निघून गेल्यावर पुण्याच्या रस्त्यांवर पत्रावळी आणि कागदांचे ढीग उरतात. महानगरपालिकेचे झाडूवाले रात्रंदिवस खपून ते उचलतात. पंगत वाढल्याचे पुण्य आम्ही घेतलेले असते आणि उष्टी उचलण्याचे काम त्यांच्याकडे गेलेले असते. बाबांच्या मापाने मोजले तर त्या दोन दिवसांची खरी वारी कोणाची घडली, हा प्रश्न आम्ही स्वतःलाच विचारला पाहिजे. अलीकडे अनेक तरुण पालखीमागे कचरा उचलीत चालतात, ही समाधानाची गोष्ट आहे. बाबांचा खराटा त्यांच्या हाती आला आहे असे म्हणावयास हरकत नाही.

आज चातुर्मासाचा नेम धरावयाचा आहे. पोथीचा नेम धरणाऱ्यांनी तो अवश्य धरावा. त्याबरोबर आणखी एक लहानसा नेम धरता येईल. आपल्या दारापुढची, आळीतल्या देवळापुढची चार हात जागा रोज स्वतःच्या हाताने झाडावी, आणि पुढच्या वर्षी पालखी येईल तेव्हा घराची एखादी खोली, ती नसेल तर ओसरी, वाट चालून आलेल्या अनोळखी माणसासाठी मोकळी ठेवावी. त्याची जात, गाव, नाव न विचारता. पाहुणा पहाटे निघून जाईल. त्याच्या मागे जमीन पुसताना आपल्या हाती जो ओला फडका असेल, त्यात पंढरीचे पुण्य भरपूर सामावलेले असेल.

विटेवर उभा असलेला तो पांडुरंग आम्हां सर्वांस एवढी सद्बुद्धी देवो, हीच या महाएकादशीच्या दिवशी त्याच्या चरणी प्रार्थना.